एक देश, अनेक सुट्ट्या : वर्षभराची यादी कोण आणि कशी ठरवते?

२१ ऑक्टोबर २०२५ रोजी, मंगळवारी, लक्ष्मीपूजन होते. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालये आणि बँका त्या दिवशी बंद होत्या. बेंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी येथे मात्र कर्नाटक शासनाच्या यादीप्रमाणे तो कामाचा दिवस होता. तेथे आदल्या दिवशी नरक चतुर्दशीची आणि दुसऱ्या दिवशी बलिपाडव्याची सुट्टी देण्यात आली होती. सण तोच, तिथीही त्याच. तरीही सुट्टीचे दिवस वेगळे.

माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे मारतहळ्ळी आणि तिच्यालगतचा आउटर रिंग रोड या परिसरात गेल्या दोन-अडीच दशकांत देशाच्या सर्व भागांतून नोकरदार येऊन राहिले आहेत. पुणे, नागपूर किंवा कोल्हापूरहून आलेल्या मराठी तरुणांना येथे प्रथमच जाणवते की, ज्या सुट्ट्या आपण लहानपणापासून देशभराच्या समजत आलो, त्यांतील बहुतेक आपल्या राज्यापुरत्याच होत्या. भारतात सार्वजनिक सुट्टी ही व्यक्तीच्या भाषेवरून, धर्मावरून वा मूळ गावावरून ठरत नाही. ती कोणत्या राज्यात आणि कोणाकडे नोकरी आहे यावरून ठरते. ही व्यवस्था कशी चालते, याचा हा आढावा.

राष्ट्रीय सुट्ट्या केवळ तीन

संपूर्ण देशात, सर्व राज्यांत आणि सर्व प्रकारच्या आस्थापनांत पाळल्या जाणाऱ्या सुट्ट्या तीनच आहेत : २६ जानेवारीचा प्रजासत्ताक दिन, १५ ऑगस्टचा स्वातंत्र्य दिन आणि २ ऑक्टोबरची महात्मा गांधी जयंती. या तिन्ही दिवसांचा संबंध कोणत्याही धर्माशी किंवा प्रदेशाशी नाही आणि त्यांच्या तारखा पंचांगावर अवलंबून नाहीत.

त्यानंतर येते ती केंद्र शासनाच्या कार्यालयांची यादी. केंद्राचा कार्मिक विभाग ती दरवर्षी परिपत्रकाद्वारे जाहीर करतो. या यादीनुसार देशभरातील केंद्रीय कार्यालयांना १४ सुट्ट्या अनिवार्य असतात. तीन राष्ट्रीय दिवसांखेरीज त्यांत दसरा, दिवाळी, बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती, गुरू नानक जयंती, गुड फ्रायडे, नाताळ, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद यांचा समावेश आहे. दिल्लीबाहेरील कार्यालयांना आणखी तीन सुट्ट्या १२ पर्यायांमधून निवडता येतात. होळी, जन्माष्टमी, रामनवमी, महाशिवरात्र, गणेश चतुर्थी, मकर संक्रांत, रथयात्रा, ओणम, पोंगल आदी सण या पर्यायांत असून गुढीपाडवा व उगादी हेही त्यांतच येतात. ही निवड राज्यांच्या राजधानीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या समन्वय समित्या करतात. त्याखेरीज प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या पसंतीच्या दोन मर्यादित सुट्ट्या घेता येतात.

याचा अर्थ असा की, गणेश चतुर्थी किंवा गुढीपाडवा हे दिवस केंद्राच्या दृष्टीने देशव्यापी सुट्टीचे नाहीत. ते प्रादेशिक पर्याय आहेत. केंद्र शासनाचे मुंबईतील कार्यालय आणि बेंगळुरूतील कार्यालय यांच्या याद्याही त्यामुळे पूर्णतः सारख्या असतीलच असे नाही.

हुंडीच्या कायद्यातून आलेला अधिकार

राज्यांना सार्वजनिक सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार ज्या कायद्यातून मिळतो, तो सणांविषयीचा नसून व्यापाराविषयीचा आहे. हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचे नियमन करणाऱ्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम २५ अन्वये, एखाद्या हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर तिची रक्कम आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय झाली असे मानले जाते. हा हिशेब करण्यासाठी सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय, हे निश्चित असणे आवश्यक होते. म्हणून रविवार आणि शासनाने राजपत्रात जाहीर केलेला अन्य कोणताही दिवस, अशी व्याख्या त्या कलमात करण्यात आली.

हा अधिकार मूळचा केंद्राचा. तो राज्यांकडे सोपविण्यात आला आहे. महाराष्ट्र शासनाच्या वार्षिक अधिसूचनेत त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ८ मे १९६८ च्या अधिसूचनेचा हवाला दिला जातो. बँका याच कलमाखालील सुट्ट्या पाळतात. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील सुट्ट्यांची यादी एकच नसून मुंबई, नागपूर, पणजी, बेंगळुरू अशा केंद्रांनुसार वेगवेगळी असते. एकाच बँकेची कोल्हापुरातील शाखा बंद आणि बेळगावातील शाखा सुरू, असे चित्र वर्षातून अनेकदा दिसते.

अलीकडच्या काळात या सुट्टीचा व्यवहारावरील परिणाम मात्र घटला आहे. एनईएफटी ही निधी हस्तांतरण सेवा डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू आहे. शाखा बंद असली, तरी पैसा थांबत नाही.

दोन राज्ये, दोन वर्षे

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या याद्या शेजारी ठेवल्यास वर्षाचा प्रवासच निराळा दिसतो.

जानेवारीत मकर संक्रांतीला कर्नाटकात सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी तीळ, गूळ, खोबरे व शेंगदाणे यांचे ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटले जाते. ‘तिळगूळ घ्या’ म्हणणाऱ्या महाराष्ट्राच्या यादीत संक्रांत नाही. फेब्रुवारीत १९ तारखेला महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराज जयंतीची सुट्टी असते. कर्नाटकात ती नसते. होळीनंतरचा रंगांचा दिवस महाराष्ट्रात सुट्टीचा, तर कर्नाटकाच्या सर्वसाधारण यादीबाहेरचा. गुढीपाडवा आणि उगादी मात्र एकाच दिवशी येतात आणि दोन्ही राज्ये त्या दिवशी बंद असतात. नाव वेगळे असले, तरी मराठी कुटुंबाला मारतहळ्ळीतही गुढी उभारण्यास सुट्टी मिळते.

१४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती दोन्हीकडे आहे. अक्षय तृतीयेचा दिवस कर्नाटकात बसव जयंती म्हणून सुट्टीचा असतो. १ मे ही तारीखही दोन्ही याद्यांत आहे, पण कारणे भिन्न आहेत. कर्नाटकात तो कामगार दिन. महाराष्ट्रात कामगार दिनाबरोबरच १९६० मध्ये झालेल्या राज्यस्थापनेचा दिवस. भारतात कामगार दिन सर्वप्रथम १९२३ मध्ये मद्रास येथे एम. सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने साजरा झाला होता.

गणेश चतुर्थीची सुट्टी दोन्ही राज्यांत असते. कर्नाटकाच्या यादीत तिचे नाव ‘वरसिद्धि विनायक व्रत’ असे आहे. सर्वपित्री अमावास्या म्हणजेच महालय अमावास्या ही कर्नाटकात सुट्टी आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजाही सुट्टीची असते आणि त्या काळात बेंगळुरूत दुचाकीपासून कारखान्यातील यंत्रापर्यंत सर्वांना हार घातले जातात. महाराष्ट्रात खंडेनवमी पाळली जाते, परंतु सुट्टी एका दसऱ्याचीच. महर्षी वाल्मीकी जयंती आणि कनकदास जयंती या कर्नाटकाच्या, तर पारशी नववर्ष दिन आणि बुद्ध पौर्णिमा या महाराष्ट्राच्या यादीतील सुट्ट्या आहेत. कोणत्या संताचे, राजाचे वा समाजाचे स्मरण शासनाच्या यादीत होते, यावरून त्या राज्याचा सामाजिक इतिहासही उमगतो.

राज्याच्या आतही भेद आहेत. कोडगू जिल्ह्यात कैल मुहूर्त आणि नव्या भाताचा हुत्तरी सण यांची स्थानिक सुट्टी असते. ती बेंगळुरूत लागू नसते. गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताची आणि १९ डिसेंबरला मुक्ती दिनाची सुट्टी असते. सिंधुदुर्गात राहून पलीकडे गोव्यात नोकरीस जाणाऱ्यांना ही सीमारेषा चांगलीच परिचयाची आहे.

एकाच तारखेचे दोन अर्थही असू शकतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेतून आजच्या कर्नाटकाचे, त्या वेळच्या म्हैसूर राज्याचे, एकत्रीकरण झाले. १९७३ मध्ये याच तारखेस राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले. ‘कन्नड राज्योत्सव’ म्हणून ही राज्यातील महत्त्वाची सुट्टी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात महाराष्ट्र एकीकरण समिती हाच दिवस ‘काळा दिवस’ म्हणून पाळते. सुट्टी दोघांनाही मिळते. तिचे कारण मात्र दोघांना सारखे वाटत नाही.

तिथी, चंद्र आणि रविवार

तारखा दरवर्षी का बदलतात, याचे उत्तर खगोलगणितात आहे. बहुतेक हिंदू सण चांद्र महिन्यांवर आधारित आहेत. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ऋतूंशी मेळ राखण्यासाठी साधारणतः पावणेतीन वर्षांनी अधिक मास धरला जातो. त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी २०२६ च्या पंचांगात १४ सप्टेंबरला आहे. हिजरी कालगणनेत अधिक मास नसल्यामुळे ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. सन २००० मध्ये रमजान ईद जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये, अशी दोनदा आली होती. शिवाय प्रत्यक्ष चंद्रदर्शनावर तारीख ठरत असल्याने यादीतील ईदचा दिवस ऐनवेळी बदलू शकतो.

कधी बदलाचे कारण सामाजिक सलोख्याचे असते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकांशी गर्दी एकत्र येऊ नये म्हणून मुस्लीम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि महाराष्ट्र शासनाने २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. २०२५ मध्येही मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांत ईद-ए-मिलादची सुट्टी ५ ऐवजी ८ सप्टेंबरला देण्यात आली.

यादीत दिसणारी संख्या आणि प्रत्यक्षात मिळणारे दिवस यांतही अंतर असते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या यादीत २४ सुट्ट्या होत्या. त्यांपैकी प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम रविवारी आले. पारशी नववर्ष स्वातंत्र्य दिनी, तर दसरा गांधी जयंतीच्या दिवशी आला. बकरी ईद शनिवारी होती आणि फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू आहे. म्हणजेच २४ पैकी कामाच्या दिवशी पदरात पडलेल्या सुट्ट्या १७ होत्या. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टी शनिवारी वा रविवारी आल्यास त्याऐवजी पुढील कामकाजाचा दिवस सुट्टीचा मानतात. भारतात असा सर्वसाधारण नियम नाही.

खासगी नोकरदाराचे काय?

शासनाची यादी खासगी कंपन्यांना आपोआप बंधनकारक ठरत नाही, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. त्यांच्यासाठी राज्यांचे स्वतंत्र कामगार कायदे आहेत.

कर्नाटकात राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांविषयीचा १९६३ चा औद्योगिक आस्थापना अधिनियम लागू आहे. त्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे पाच दिवस आणि त्याखेरीज सणांचे पाच दिवस, अशा किमान दहा भरपगारी सुट्ट्या देणे आवश्यक आहे. कारखान्यांप्रमाणेच दुकाने व व्यापारी आस्थापनाही या कायद्याच्या कक्षेत येतात. अशा दिवशी कर्मचाऱ्याला कामावर बोलाविल्यास त्याला दुप्पट वेतन, किंवा त्या दिवसाचे वेतन आणि बदली भरपगारी सुट्टी द्यावी लागते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात आठ भरपगारी सुट्ट्यांची तरतूद आहे : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि परस्पर संमतीने ठरणारे सणांचे चार दिवस.

मारतहळ्ळी परिसरातील अनेक कार्यालयांचे ग्राहक अमेरिका व युरोपात आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरातील ‘थँक्सगिव्हिंग’ला व्यवहार थंडावतात, तर दिवाळीत ते पूर्ण वेगाने चालू असतात. त्यामुळे सण असूनही काही तुकड्यांना पाळीवर थांबावे लागते. देशाच्या विविध भागांतील कर्मचाऱ्यांची सोय म्हणून बऱ्याच कंपन्या निश्चित यादीबरोबर काही ऐच्छिक सुट्ट्याही देतात. त्यातून कोणी ओणम, कोणी छठपूजा, तर कोणी लक्ष्मीपूजन निवडतो. परराज्यातील नोकरदाराच्या दृष्टीने हा पर्याय मोलाचा आहे, कारण त्याच्या सणाला तेथे दुसरा कायदेशीर आधार नसतो. परदेशातील महाराष्ट्र मंडळांना तर तोही आधार नाही. म्हणून तेथील गणेशोत्सव व दिवाळीचे कार्यक्रम तिथीऐवजी बहुधा शनिवार-रविवार पाहून ठरतात.

मतदानाचा दिवस हा आणखी एक हक्क. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम १३५-ब अन्वये मतदानास पात्र असलेल्या खासगी कर्मचाऱ्यालाही त्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते. ती न देणाऱ्या मालकास होणारा दंड मात्र कमाल ५०० रुपयांचा आहे.

हक्क किती, सवलत किती?

सुट्टी हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे काय, हा प्रश्न २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. दादरा व नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासह अनेक मराठी स्वयंसेवक सहभागी होते. पुढे अनेक वर्षे तेथे त्या दिवशी सुट्टी असे. २०२१ मध्ये ती देण्यात आली नाही. त्याविरुद्धची याचिका फेटाळताना, सार्वजनिक सुट्टी मिळण्याचा कोणालाही मूलभूत हक्क नाही आणि सुट्ट्यांची संख्या कमी करण्याची वेळ आली असावी, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. अयोध्येतील राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेनिमित्त २२ जानेवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने दिलेल्या सुट्टीला आव्हान देणारी याचिकाही याच न्यायालयाने फेटाळली. सुट्टी देणे वा न देणे हा शासनाच्या धोरणाचा भाग आहे, हेच या दोन्ही निर्णयांतून दिसते. उत्तर प्रदेश शासनाने २०१७ मध्ये थोर व्यक्तींच्या जयंती-पुण्यतिथीच्या १५ सुट्ट्या एकाच वेळी रद्द केल्या होत्या, त्याही याच अधिकारात.

तथापि, कामगाराची भरपगारी सुट्टी आणि शासनाने जाहीर केलेली सुट्टी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कामगार कायद्यातून येते आणि तिच्यामागे संघर्षाचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चाले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज जी सुट्टी निसर्गनियमासारखी वाटते, ती मागून आणि झगडून मिळालेली आहे.

त्या परंपरेचा पुढचा प्रश्न मारतहळ्ळीच्या रस्त्यांवर दिसतो. सणाच्या दिवशी कार्यालये बंद असतात, तेव्हा दुचाकीवरून घरपोच जेवण व किराणा पोहोचविणाऱ्यांचे काम उलट वाढते. ॲपवर काम करणाऱ्यांना कंपन्या कर्मचारी न मानता भागीदार म्हणतात. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला. त्यात कल्याण मंडळाची आणि निधीची तरतूद आहे. परंतु भरपगारी सुट्टी ही कल्पनाच मासिक पगाराच्या नोकरीशी बांधलेली आहे. फेरीगणिक मोबदला मिळणाऱ्याने २ ऑक्टोबरला घरी राहायचे ठरविले, तर त्या दिवसाची कमाई बुडते. राष्ट्रीय सुट्टी त्याच्यासाठी राष्ट्रीय असली, तरी भरपगारी नाही.

नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी म्हणूनच दिनदर्शिकेपेक्षा नेमणूकपत्र आणि कार्यालयाची सुट्ट्यांची यादी आधी पाहणे हिताचे ठरते. किमान भरपगारी सुट्ट्या किती, ऐच्छिक सुट्ट्या किती आणि सुट्टीच्या दिवशी काम केल्यास मोबदला काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे मिळायला हवीत. ती न मिळाल्यास दाद मागण्याचे ठिकाण म्हणजे राज्याचा कामगार विभाग. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्यासाठी तो कर्नाटकाचा, मग घरच्या भिंतीवर दिनदर्शिका मराठी असली तरीही.